उंबराच्या घराची हाक

आमच्या घराला गावाने पंचेचाळीस वर्षं हाक मारली नाही. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी नालासोपाऱ्याच्या फ्लॅटमध्ये पोळ्या लाटत होते, आणि लाटणं ओट्यावर असं आपटलं की नवरा आतून विचारत आला, काय फुटलं. काही फुटलं नव्हतं. माझं डोकं फिरलं होतं.

सांगणारे माझे बाबा. गोदीतली कारकुनी संपली, आई गेली, आणि ते आमच्याकडे राहायला आले. मी त्यांची एकुलती एक. नव्वदचं दशक संपत आलं होतं, आमच्या चारी बाजूंना नव्या इमारती उठत होत्या. मी सहज म्हणाले, "बाबा, तुमचं गाव इथून रिक्षाने अर्ध्या तासावर आहे म्हणता. लहानपणापासून नुसतं ऐकते आहे. एका रविवारी जाऊन येऊ या की." पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "तिथे आपल्या घराला हाक नाही." हाक म्हणजे काय, मी विचारलं. मग त्यांनी पेपराची घडी केली आणि सांगायला बसले.

त्या गावाचं नाव मी लिहिणार नाही. तिथल्या माणसांशी मला भांडायचं असलं की मी त्यांच्या तोंडावर भांडते, छापून नाही. वसईच्या खाडीला लागून त्यांची भातशेती, आणि खारं पाणी शेतात येऊ नये म्हणून मध्ये मातीचा बांध. पुढे सरकारने बाहेरच्या बाजूने दगडी बांध घालून दिला, पण आतला मातीचा अजून गावाचाच. दरवर्षी वैशाख शुद्ध अष्टमीला तो दुरुस्त करायचा. अष्टमीला भांग असतो, म्हणजे भरती दुबळी, पाणी फार चढत नाही. प्रत्येक घराला बांधाचा वीस-पंचवीस पावलांचा तुकडा वाटून दिलेला आहे. घरटी एक हात यायलाच हवा, आणि हात म्हणजे पुरुष. काम संपलं की गावातला जाणता माणूस बांधावर उभा राहून एकेका घराला हाक मारतो. माणसाच्या नावाने नाही, घराच्या नावाने. चिंचेचं घर. विहिरीवरचं घर. टेकाडावरचं घर. ज्याचं घर त्याने "हाय" म्हणायचं. मग ते घर वर्षभर गावात धरलेलं: लग्नाला, मयताला, देवीच्या जत्रेला. ज्याला हाक नाही त्याला कोणी हाकलून देत नाही. नुसतं धरत नाहीत. आमचं घर उंबराचं.

बाबांचे आईवडील लवकर गेले. विशीत त्यांना मुंबईला गोदीत नोकरी लागली, शेत चुलतभाऊ बघू लागला, पण अष्टमीला बांधावर बाबांनीच जायचं, हे ठरलेलं. पहिल्या वर्षी गेले. दुसऱ्या वर्षी अधिक महिना आला, तोही वैशाखच. म्हणजे दोन वैशाख, दोन अष्टम्या. बांधाच्या कामाआधी नारळ फुटतो, मातीला हळदकुंकू लागतं. अधिकात असलं काही करत नाहीत, तेव्हा काम दुसऱ्या, खऱ्या वैशाखात होणार असं बाबांनी धरलं, आणि साहेबाकडे महिनाभर आधी रजा मागून ठेवली. गावाने काम पहिल्याच अष्टमीला उरकलं. पाऊस जवळ येतो, चिखल सुकायला महिना लागतो, थांबून चालत नाही. कोणी एक कार्ड टाकलं असतं तरी भागलं असतं. कोणी टाकलं नाही.

बाबा गेले तेव्हा सगळा बांध वाळून खडखडीत झालेला, आणि मध्ये फक्त त्यांचा तुकडा तसाच, खचलेला. गावात चिटपाखरू नव्हतं. अधिक संपून लग्नाचे मुहूर्त सुरू झाले होते, आणि गाव वऱ्हाडाबरोबर आगाशीला गेलं होतं. बाबांनी एकट्याने दोन दिवस चिखल खणला, वाहिला, तुडवला, चोपला, आणि रजा संपली म्हणून मुंबईला परतले. तीन आठवड्यांनी अमावास्येचं उधाण आलं, वर पाऊस, मागून वारा. ओला चिखल तो किती टिकणार. बांध फुटून खांड पडली ती बाबांच्या तुकड्यातच. खालच्या शेतांत खारं पाणी घुसलं आणि तीन वर्षं तिथे भाताची काडी उगवली नाही.

बाबा धावत गेले. सांगितलं, माझी चूक झाली, महिना चुकला, पण मी आलो होतो. तेव्हाचा जाणता म्हणजे त्या चुलतभावाचे वडील. ते सगळ्यांसमोर म्हणाले, "पानी काय अधिक-निज विचारून येते? आनि तू आलास ते कोनी बगितलं?" कोणीच बघितलं नव्हतं. काम उरकलं की उधाणापर्यंत बांधाकडे कोणी फिरकत नाही, आणि घातलेला चिखल पाण्याने नेला होता. पुढच्या वर्षी बाबा अष्टमीच्या दिवशी फावडं घेऊन हजर झाले तर त्यांच्या तुकड्यावर शेजारची दोन घरं काम करत होती. हाक आली नाही. त्यानंतर ते गेले नाहीत.

"तुम्ही भांडला का नाहीत?" मी विचारलं.

"कुणाशी? शेतं बुडालेली माणसं ती."

"अहो, पण तुम्ही गेला होतात ना."

"गेलो होतो," ते म्हणाले, आणि पेपर पुन्हा उघडला. मग पेपराआडून, जरा शरमल्यासारखे, "मरायच्या आधी एकदा हाक ऐकायला आवडलं असतं."

माझे बाबा कधी काही मागत नाहीत. चहात साखर कमी पडली तरी तसाच पितात. त्या माणसाने सत्तरीत पहिल्यांदा काहीतरी मागितलं, आणि तेही माझ्याकडे नव्हे, हवेत. मी पुढच्याच रविवारी एकटी निघाले.

गाव म्हणजे फार काही नव्हतं. कौलारू घरं, अधूनमधून नवे स्लॅब, वाल घातलेले मांडव, मिठागराकडे जाणारी पांढरट वाट. चिंच होती, विहीर होती, पाण्याने भरलेलं बावखल होतं. उंबर नव्हता, त्याच्या जागी भाताच्या पेंढ्यांची उडवी होती. चुलतकाकांचं घर विचारत गेले. आता जाणते तेच होते, बापाच्या मागे ते. बाबांच्याच वयाचे, काटक, अंगात गंजीफ्रॉक. मी कोण ते सांगितल्यावर ते माझ्या तोंडाकडे बराच वेळ बघत राहिले.

"त्याचीच जिवनी हाय," ते काकीला म्हणाले. "बस पोरी. पानी पी आदी."

पाणी दिलं, जेवू घातलं. बोंबलाचं कालवण आणि तांदळाची भाकरी, आणि काकीने आग्रह करकरून वाढली. वागणुकीला नाव ठेवायला जागा नव्हती, त्यामुळे भांडण सुरू करायला मला अवघड गेलं. पण मी मुळात भांडखोर, नवरा साताऱ्याचा असून तोही मला टरकतो. हात धुतले आणि विषय काढला.

"काका, येत्या अष्टमीला उंबराच्या घराला हाक मारा. बाबांचं वय झालंय. त्यांची चूक कॅलेंडरची होती, कामचुकारपणाची नव्हती."

काकांनी सुपारी कातरायला घेतली. "हाक हाताला असते. तुज्या घरात हात कुठाय? त्याला पोरगा नाय."

"मी आहे की."

"बाईचा हात धरत नाय, पोरी."

"बायका चिखल वाहत नाहीत का?"

"व्हातात ना. सगल्याच व्हातात." ते अगदी सरळपणे म्हणाले, मी काहीतरी भलतंच विचारल्यासारखं. "पन त्या मोजत नाय."

मी काकीकडे बघितलं. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ही बाई त्या बांधावर डोक्याने चिखल वाहत आली होती. ती भांडी गोळा करत होती. तिने वर बघितलं नाही.

तेवढ्यात काकांचा थोरला मुलगा आला, माझ्याच वयाचा, वसईला कुठेतरी हार्डवेअरचं दुकान चालवणारा. दारातच उभं राहून म्हणाला, "आता बिल्डर फिरायला लागले इकडे, म्हनून आठवन झाली काय गावाची?"

इतका वेळ मी स्वतःला आवरलं होतं. "दादा," मी म्हणाले, "आमच्या वाट्याचं शेत पंचेचाळीस वर्षं तुम्ही पिकवताय. पुढची पंचेचाळीस पिकवा, मी एक शब्द बोलले तर सांगा. मला गुंठाभर नको. माझ्या बापाला या गावाने खोटं ठरवलंय, ते मला पुसून हवंय. आणि अष्टमीला मी येणार. धरायचं असेल तर धरा, नाही तर धरू नका. आमचा तुकडा मी घालणार."

काका सुपारी तोंडात टाकून म्हणाले, "ये. बांधाला कोन नाय म्हनत नाय." त्यात चिडवणं होतं की नव्हतं, मला तेव्हा कळलं नाही. घरी येईपर्यंत मी रिक्षात एकटीच पुटपुटत होते.

बाबांना सांगितलं तर ते घाबरले. "तू? अगं, ऑफिसात एसीत बसणारी तू. उन्हाने पडशील." मग हळूच, "आणि नाही मारली हाक, तर माझी दोनदा फजिती." मी म्हणाले, फजिती त्यांची होईल. नवऱ्याने तेवढ्यात विचारून घेतलं की तुमच्याकडे चिखल उचलायलाही वशिला लागतो का. त्याला मी बाजारात पाठवून दिलं.

अष्टमीला सकाळी सहाला मी बांधावर होते. जुनी साडी, वर नवऱ्याचा फुल बाह्यांचा शर्ट, पायात काही नाही, कारण चपला चिखलात राहतात असं बाबांनी बजावलं होतं. नारळ फुटला, मातीला हळदकुंकू लागलं. मी माणसं मोजली. पुरुष जेमतेम पंधरा-सोळा, त्यांतले निम्मे साठीच्या पुढचे. तरणी पोरं नोकऱ्यांवर. बायका तिसेक. आणि यांना म्हणे बाईचा हात धरता येत नाही. मला हसूच आलं.

काम असं की पुरुष शेताच्या बाजूला फावड्याने चिखलाच्या ढेपा कापतात, बायका त्या पाट्यांत भरून डोक्यावरून बांधावर नेऊन टाकतात. मग पायांनी तुडवायचं आणि फळीने चोपायचं. आमच्या तुकड्याला कापायला पुरुष नव्हता. मी फावडं हातात घेतलं. पहिली ढेप कापली ती माझ्या पायावर पडली. दुसरी फावड्यालाच चिकटून बसली, निघेना. शेजारच्या तुकड्यावरचे दोघे बघत होते आणि बघत नसल्यासारखं करत होते. काकांचा थोरला पलीकडून म्हणाला, "मॅडम, पार्लरला उशीर व्हईल."

"दुकान बंद ठेवून आलाच आहात," मी म्हणाले. "गिऱ्हाईक नाही, तर इकडे या, दोन ढेपा कापून द्या." बायका हसल्या. तो आला नाही.

दोन तासांत माझ्या हातांना फोड आले. दहाच्या सुमाराला एक पाटी माझ्याशेजारी येऊन टेकली. काकी होती. तिने माझ्या हातातलं फावडं काढून घेतलं, पाण्यात बुडवलं, आणि तिरपं धरून चिखलात घातलं. ढेप लोण्यासारखी सुटली. "दर खेपेला वला करायचा," ती म्हणाली. "सुका फावडा चिखलाला धरतो." एवढं सांगून ती आपल्या तुकड्यावर गेली. पण पाच मिनिटांनी तिची सून आली, तिच्यामागे आणखी दोघी. त्यांनी मला विचारलं नाही. मी कापत गेले, त्या वाहत गेल्या. काका चिंचेच्या तुकड्यावरून बघत होते. त्यांनी बायकांना परत बोलावलं नाही.

दुपारी एकच्या सुमाराला रस्त्यावर रिक्षा थांबली. नवरा उतरला, एका हातात प्लास्टिकची खुर्ची, दुसऱ्या हाताने बाबांना धरलेलं. मी त्यांना या म्हटलं नव्हतं. बाबा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. बांधाच्या सुरुवातीला जरा उंचवटा आहे, तिथे नवऱ्याने खुर्ची ठेवली आणि ते बसले. गावातल्या म्हाताऱ्यांनी त्यांना ओळखलं हे त्यांच्या मानांवरून कळत होतं. कोणी जवळ गेलं नाही. काकीने मात्र तांब्या भरून नेऊन दिला आणि त्यांनी तो दोन्ही हातांनी घेतला.

मी तुकड्यावर उभी राहून चिखल तुडवत होते. बाबांकडे बघून मला एकदम रडायला आलं, आणि रडायचं नाही म्हणून मी आणखी जोरात तुडवायला लागले. हा माणूस इथे एकटा दोन दिवस राबला होता. मला चार बायका मदतीला होत्या तरी माझी कंबर मोडली होती. एकट्याने कापायचं, पाटी भरायची, आपणच डोक्यावर घ्यायची, वर चढायचं, ओतायचं, परत खाली यायचं. दोन दिवस. आणि मग म्हणे कोणी बघितलं.

साडेतीनला आमचा तुकडा झाला. बाकीच्यांचा आधी झाला होता आणि सगळे थांबले होते, हे मला काम संपल्यावर दिसलं. पुरुष बांधावर एका रांगेत उभे राहिले, प्रत्येक जण आपापल्या तुकड्यावर. बायका नेहमीसारख्या खाली, शेताच्या कडेला. मी वर, आमच्या तुकड्यावरच उभी राहिले. कोणीतरी खाली ये म्हणालं. मी ऐकलं नाही.

हाक सुरू होण्याआधी काकी काकांजवळ गेली. काका आमच्या तुकड्याच्या कडेलाच उभे होते, म्हणून मला ऐकू आलं. ती हळू आवाजात, पदराने मान पुसत म्हणाली, "तिचा हात नाय धरला, तर पुडच्या वर्साला आमी घरीच बसू. सगल्या. बगा तुमी आनि तुमचे पंधरा हात." एवढं बोलून ती खाली बायकांत जाऊन उभी राहिली. त्या तिसेक जणी काकांकडे बघत होत्या. 

काकांनी सुरुवात केली. टेकाडावरचं घर. हाय. बावखलाचं घर. हाय. असं येत येत ते चिंचेच्या घरापर्यंत आले, ते त्यांचं स्वतःचं, तिथे थोरल्याने ओ दिली. त्याच्या पुढे आम्ही. पंचेचाळीस वर्षं इथून उडी मारून हाक विहिरीवरच्या घराला जात होती. काकांनी खाकरून घसा साफ केला.

"उंबराचं घर."

 मी तोंड उघडलं, तेवढ्यात उंचवट्यावरून बाबांचा आवाज आला, "तू बोलू नको."

मला वाटलं, आपण चुकीचं ऐकलं. पण ते माझ्याकडेच हात करून मला थांबवत होते. काकांनी पुन्हा हाक मारली, जरा मोठ्याने, बाबांना कमी ऐकू येत असेल असं समजून. "उंबराचं घर."

"आदी सांग," बाबा म्हणाले. ही बोली मी त्यांच्या तोंडून जन्मात ऐकली नव्हती. "मी आल्तो का नाय?"

"आता कशाला ते," काका म्हणाले. "मारली ना हाक."

"हाक ऱ्हाऊ दे. मला सांग. आल्तो का नाय?"

 इतक्या खटपटीने हाक आली होती, आणि हा चहात साखर न मागणारा माणूस ती परत करत होता. ओ द्या हो, असं मला ओरडावंसं वाटलं. रांगेतले पुरुष एकमेकांकडे बघायला लागले. थोरला काकांना म्हणाला, "बाबा, पुडचं घर घ्या." काकांनी त्याला हाताने गप्प केलं. ते बाबांकडे बघत नव्हते, पायाखालच्या मातीकडे बघत होते.

"आल्तास," ते म्हणाले.

"कोनी बगितलं?"

"मी."

 काकीचा हात तोंडावर गेला. तिलाही ठाऊक नव्हतं.

"मला ताप व्हता," काका म्हणाले. "वऱ्हाडात गेलो नव्हतो. विहिरीवरून दिसत व्हतास. दोन दिस एकटा पाटी भरत व्हतास."

"मंग बोललास का नाय?"

"बा बोलून बसला व्हता, सगल्यांम्होरं. कोन आलाच नाय म्हनून. बाला खोटा कसा पाडू?"

"बाला नाय पाडलास," बाबा म्हणाले. "मला पाडलास."

त्यांचा आवाज चढला नव्हता. काकांनी मान हलवली, होय अशी. पंचेचाळीस वर्षं दर अष्टमीला या माणसाने इथे उभं राहून एक घर आधी बापाला गाळू दिलं होतं, मग स्वतः गाळलं होतं, आणि त्याला दर वेळी खरं ठाऊक होतं. मला धावत जाऊन त्यांना गदागदा हलवावंसं वाटत होतं. पण भांडण माझं नव्हतं, बाबांचं होतं, आणि ते माझ्यापेक्षा चांगलं भांडत होते.

"आता मार," बाबा म्हणाले.

काकांनी मान वर केली. "उंबराचं घर."

बाबा खुर्चीच्या हातावर जोर देऊन उठले. नवरा धरायला पुढे झाला, त्याला त्यांनी बाजूला केलं.

"हाय," ते म्हणाले. "हात माज्या पोरीचा."